न हुंगता दिलेला रिपोर्ट

तेल वासाचं होतं. त्याची सगळी किंमत वासात. आणि मी ते एकदाही न हुंगता त्यात घासलेट आहे असं लिहून दिलं. खाली सही केली. सहीपुढे बी.एस्सी. असंही लिहिलं, जे कुणी मागितलं नव्हतं.

माझी नात म्हणते, "आजी, किती वर्षं झाली, आता सोड की." हसायला मी तयार आहे. सोडायला नाही. ती पाचवारी नेसलेली, मनगटावर घड्याळ बांधलेली, डिग्री मिरवणारी बाई आठवली की अजून माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात. ती बाई म्हणजे मीच, तेव्हाची. मी तिला बाईसाहेब म्हणते. दुसरं जे म्हणावंसं वाटतं ते छापता येणार नाही.

तर बाईसाहेब मलकापूरला नोकरीला होत्या. राज्य नवीन होतं, वर्ष-दोन वर्षांचं. तेलांची प्रत ठरवणारं एक छोटं ऑफिस होतं. नीट नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. आमच्या फॉर्मांवर अजून जुन्या राज्याचं नाव छापलेलं होतं. ते शाईनं खोडून वर 'महाराष्ट्र' लिहिणं हे माझं सकाळचं पहिलं काम. मग दिवसभर टेस्ट ट्यूबा. ऑफिसात माणसं तीन: दातार साहेब, एक शिपाई आणि मी. लॅब म्हणजे मोरीला लागून असलेली खोली.

आमच्याकडे जास्त करून रोशाचं तेल यायचं. रोशा हे गवत. घाटात, डोंगरउतारावर आपोआप उगवतं, माणसापेक्षा उंच होतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला फुलोरा आला की लांबून तांबूस दिसतं. ते कापायचं, मोठ्या देगेत पाण्यासकट भरायचं, झाकण मातीनं लिंपायचं आणि खाली जाळ लावायचा. वाफ वेळूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. ते भांडं वाहत्या नाल्यात ठेवलेलं असतं, म्हणून वाफ निवते. पाणी खाली बसतं, तेल वर तरंगतं. ते उपसून घ्यायचं. एवढंच. चांगल्या तेलाला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो. ते साबणात जातं, अत्तरात जातं, गुडघ्याला चोळतात.

राजूर घाटाच्या पायथ्याशी, नाल्याकाठी करीमचाचांची भट्टी होती. भट्टी त्यांच्या वडिलांपासूनची. जंगलखात्याच्या परमिटवर कुरणातलं गवत कापायचे. आमचा शिक्का मिळाला की तेल रेल्वेनं मुंबईला. भेसळीचा रिपोर्ट गेला की परमिट थांबे. आणि हा धंदा वर्षाचा नाही, जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. फुलोरा वाळला की गवतातलं तेल उडून जातं, उरतो तो छप्पर शाकारायचा पाला.

एके सकाळी चाचा सॅम्पलची बाटली घेऊन आले. पांढरी दाढी, खाकी कोट, हातात टोपी. बाटली टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले.

"बाई, एक सांगाचं होतं. हे ज्या डब्यातलं तेल हाय, त्यात दोन जातीचं गवत गेलं हाय. मोतियाचा शिक्का मारू नका. हलका मारा. पन मारा."

मोतिया म्हणजे रोशाची चांगली जात. सोफिया म्हणजे हलकी. मला दोन्ही नावं पुस्तकातून माहीत होती. सोफियाला पुस्तकानं एक ओळ दिली होती.

"तोंडी माहितीची नोंद होत नाही," मी म्हणाले.

"मंग लिवून देतो."

"लिहून दिलेल्याचीही होत नाही. सॅम्पल स्वतः बोलतं."

चाचा हसले. "बोलते तं बरंच हाय. त्याले बोलू द्या म्हंजे झालं."

माणूस स्वतःहून सांगायला आला होता की माझा माल कमी प्रतीचा आहे, मला कमीच द्या. असा माणूस माझ्या नोकरीत मला पुन्हा भेटला नाही. आणि मी त्याला वाक्य फेकून मारलं. ते वाक्यही माझं नव्हतं, नागपूरच्या आमच्या प्रोफेसरांचं होतं.

परीक्षा साधी होती. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं तेल घ्यायचं. त्यात पाणी घातलेलं स्पिरिट थेंब थेंब सोडायचं आणि हलवायचं. शुद्ध मोतिया विरघळतो, ट्यूब काचेसारखी स्वच्छ दिसते. भेसळ असेल तर ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं. चाचांचं तेल गढूळ झालं.

आता गढूळ होण्याला कारणं दोन-तीन. घासलेट असू शकतं. गोडेतेल असू शकतं. आणि सोफिया असली तरी तसंच होतं, कारण तिच्या तेलाची घडणच वेगळी. यातलं कोणतं, हे ओळखायची दुसरी परीक्षा पुस्तकात दिली होती. त्याच पानाच्या मागच्या बाजूला. बाईसाहेबांनी पान उलटलं नाही.

फॉर्मवर चौकटी दोनच होत्या: शुद्ध आणि भेसळ. मी भेसळीवर खूण केली. शेऱ्यात लिहिलं, 'बहुधा घासलेट.'

दातार साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ते पुण्याचे. बदलीला शिक्षा समजून आलेले, आणि ती शिक्षा रोज कुणाला तरी वाटून देणारे.

"मिस इंगळे, 'बहुधा' हा शब्द रिपोर्टात नसतो. घासलेट आहे किंवा नाही."

"सर, तो माणूस म्हणत होता की गवतच दोन प्रकारचं..."

"हे भट्टीवाले सगळे तेच म्हणतात. ओतायचं घासलेट आणि नाव लावायचं गवताचं. शिवाय मोतिया, सोफिया हे काही वेगळं नसतं. गवत एकच. ओलीत उगवलं की वास बिघडतो. खोडा तो शब्द."

मी खोडला. साहेबांनी सांगितलं हे खरं. पण पेन माझ्या हातात होतं.

चार दिवसांनी चाचा परत आले. या वेळी टोपी डोक्यावरच होती. जंगलखात्याच्या रेंज ऑफिसचा माणूस येऊन देगेच्या झाकणाला साखळी घालून लाखेचं सील लावून गेला होता. कापलेलं गवत भट्टीसमोर पडून होतं, उभं गवत डोंगरावर वाळत होतं.

"बाई, घासलेट?" त्यांनी एवढंच विचारलं.

"टेस्टमध्ये आलंय."

"तुमी हुंगून पाह्यलं?"

"चाचा, नाक हा पुरावा नसतो."

"मंग नाक कायले असते?" त्यांनी कोटाच्या खिशातून बाटली काढली, बूच उघडलं आणि माझ्यासमोर धरली. "हे घ्या. त्याच डब्यातलं हाय. एकडाव. फक्त एकडाव हुंगा. घासलेट निंघालं तं मी सोता त्या देगेत जाऊन बसतो."

आणि मी काय केलं? खुर्ची मागे सरकवली आणि नाकाला पदर लावला.

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहिते. पदर लावला. जसा कुणी गटारापाशी लावतो. मला वास घाण येत होता म्हणून नव्हे. हुंगलं तर आपण लॅबमधली बाई न राहता बाजारातली बाई होऊ, अशी भीती होती. मी उंद्रीची, खेड्यातली पोरगी. नागपूरच्या हॉस्टेलात पहिल्या आठवड्यात 'मले' म्हटलं आणि 'मी जातो' म्हटलं, तेव्हा पोरी पोट धरून हसल्या होत्या, कारण आमच्याकडे बाईमाणूससुद्धा 'मी जातो'च म्हणते. तेव्हापासून मी उंद्री सगळी घासून काढायला बसले होते. भाषा काढली. चाल काढली. आता नाकही काढत होते. माझी आई दुधाचं भांडं तोंडाशी नेऊन सांगायची, आज म्हैस नाल्याकडं चरली का बांधावर. त्या आईची ही मुलगी!

चाचांनी पदराकडं पाहिलं. बूच लावलं. बाटली खिशात ठेवली.

"ठीक हाय, बाई," म्हणाले, आणि गेले. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलटून चिडायला मिळालं असतं.

पुढे आठवडाभरानं मी जुन्या सॅम्पलच्या बाटल्या धुवायला काढल्या. बाटल्यांचा तुटवडा होता, एकेक बाटली दहादा वापरायचो. चाचांच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. मी ते मोरीत ओतलं आणि वर गरम पाणी टाकलं.

वास उठला आणि नाकात शिरला. परवानगी न मागता.

आधी गुलाबासारखं काहीतरी. मग त्याच्या मागून शेपूच्या भाजीसारखं, सुंठेसारखं, जरा उग्र. घासलेट? नावालाही नाही. आणि घासलेटचा वास मला कळत नाही असं नव्हतं हो. कंदिलाच्या काचा राखेनं घासत लहानाची मोठी झाले मी. घासलेटाचा एक थेंब हाताला लागला तर भाकरीला लागतो, भाकरीचा तोंडाला लागतो. ते कुठल्याही गुलाबाच्या मागं लपत नाही. हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. बी.एस्सी. झाल्यावर माहीत नव्हतं.

मी मोरीतच बसले. हातात रिकामी बाटली. मग उठले आणि पुस्तकाचं ते पान उलटलं.

दुसरी परीक्षा अशी. तेल कडक स्पिरिटात, म्हणजे कमी पाण्याच्या स्पिरिटात हलवायचं. सोफिया असेल तर ती कडक स्पिरिटात विरघळते, ट्यूब स्वच्छ होते. घासलेट विरघळत नाही. ते वेगळं होऊन वर तरंगतं, डोळ्यांनी दिसतं. नशिबानं सॅम्पलची दुसरी, सीलबंद बाटली कपाटात होती. नियमानं एक ठेवावीच लागे. साहेबांना न विचारता मी सील फोडलं. ट्यूब स्वच्छ. पुन्हा केलं. स्वच्छ. तिसऱ्यांदा मीच त्यात थोडं घासलेट घालून पाहिलं, तर ते लगेच वर येऊन बसलं.

साहेबांकडं गेले.

"सर, तो रिपोर्ट चुकला. घासलेट नव्हतं."

"सील कुणी फोडलं?"

"मी. सर, भट्टी बंद आहे. गवत वाळतंय."

"गवताचा आणि आपला काय संबंध? गेलेला रिपोर्ट परत येत नसतो, मिस इंगळे. रिपोर्टावर रिपोर्ट काढायला लागलो तर ऑफिस कशाला हवं?"

"चुकलेला आहे म्हटलं ना!"

"मग सॅम्पल चुकलं असेल. ऑफिस चुकत नाही."

मला त्यांच्या टेबलावरची दौत उचलून... जाऊ द्या. नाही उचलली. पण आजही मला त्या माणसाचा राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. तिकडं फुलोरा वाळत होता, एका माणसाचं नाव जात होतं आणि यांना सीलची पडली होती.

रविवारी मी बुलढाण्याची एसटी पकडली आणि राजूर घाटाखाली उतरले. भट्टी विचारत विचारत गेले. चाचा नव्हते, परमिटसाठी रेंज ऑफिसात चकरा मारत होते. त्यांची बायको अमीनाबी होती. साखळी घातलेल्या देगेशेजारी बसून गवताच्या पेंढ्या सोडत होती. साठीची, काटकुळी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"मलकापूरच्या ऑफिसातून आले," मी म्हटलं.

"पदरवाली?" ती म्हणाली.

म्हणजे घरी सांगितलेलं होतं. मी मान हलवली.

"बसा." तिनं पोतं सरकवलं. "रिपोट लिवणारी तूच का बाई? मले वाटलं, कोनी मोठी असन. तू तं पोट्टी हायेस."

मी म्हटलं, "चाची, माझी चूक झाली. घासलेट नव्हतं. मला नीट समजून घ्यायचं आहे, म्हणजे नीट लिहिता येईल."

तिनं समोरच्या पेंढीत हात घातला. मग दोन काड्या हातात दिल्या. "सांग. मोतिया कोनता, सोफिया कोनती?"

मी पानं पाहिली. खोड पाहिलं. फुलोरा उलटा करून पाहिला. माझ्या पुस्तकात पानाच्या कोनाबद्दल काहीतरी होतं, ते आठवून एक काडी पुढं केली.

"चूक," ती म्हणाली. "पानावरून समदे सांगतात. पान फसवते. डोये मिट."

मी डोळे मिटले. तिनं पान चुरगाळून माझ्या नाकाखाली धरलं. गुलाब. मग दुसरं. शेपू आणि सुंठ. आंधळ्याला कळेल इतका फरक.

"मी असतो भट्टीवर तं खालची, सोफियाची एक काडी देगेत जात नाही," ती म्हणाली. "पेंढी सोडली का मी हुंगतो. पन लेकीचं बाळंतपन होतं, धामणगाव बढ्याले. आठ दिवस गेलो. यंदा जंगलवाल्यानं कुरन बदलून देल्लं, खाली नाल्यापावतर. कापनारे नवे. त्याइनं वरचं खालचं एकात केलं. मी आलो आन् डबा हुंगला, तं म्हटलं, हे काय केलं? तवा हेच म्हने, जाऊन सांगून देतो, हलका शिक्का घेतो. खोटं कायले बोलाचं?"

एवढंच होतं सगळं. भट्टीचं नाक आठ दिवस लेकीकडं गेलं होतं. आणि ऑफिसचं नाक पदराआड.

मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. गवत एकच, ओलीनं वास बदलतो म्हणून.

अमीनाबी उठली. मला खोपटामागं घेऊन गेली. तिथं भांडी घासायची जागा होती, चिखलच चिखल, आणि त्या चिखलात रोशाचं एक भलंमोठं बेट.

"माह्या सासूनं लावलं हे. वरून, डोंगरावरून आनून. मी लगन होऊन आलो तवापासून भांड्याचं पानी ह्याच्यावरच जाते. हुंग."

गुलाब. स्वच्छ मोतिया.

"तुह्या सायबाले सांग, पान्यानं जात बदलत नाही. जात बीमधून येते."

"मग एकाच गवताच्या दोन जाती झाल्या कशा, चाची?" मी विचारलं. खरं तर तिला पेचात पकडायला विचारलं. खोड जात नव्हती.

"मले काय इचारते, डिग्री तुह्यापाशी हाय." मग तीच बोलली. "वास काय आपल्यासाठी करते ते? ढोरानं तोंड लावू नये म्हून करते. कवयं, नवं फुटलेलं असते तवा ढोर खाते, फुलोऱ्यावर आलं का तोंड फिरवते. ज्या बेटाच्या वासाले ढोर बुजलं नाही, ते खाऊन टाकलं. ज्याच्या वासाले बुजलं, ते राह्यलं, त्याचंच बी पडलं. वरचं ऊन निरायं, किडे निराये. खालचे निराये. वर एक घरानं झालं, खाली एक झालं. किती पिढ्या गेल्या असन, कोनाले ठाऊक. गवत कोनाले सांगाले गेलं?"

माझ्या कॉलेजच्या चार वर्षांत मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आता म्हातारपणी नात मला कुठून कुठून वाचून दाखवते. परदेशातल्या ओक झाडांच्या जंगलात म्हणे पानांतून उन्हाच्या वेळी एक प्रकारची वाफ निघते, डोळ्यांना न दिसणारी. काही ओक एक वाफ सोडतात, काही त्यांचेच भाऊबंद दुसरी, काही सोडतच नाहीत. दिसायला सगळे ओकच. ती वेगळी वाफ त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या कशी आली आणि कशी टिकली, यावर मोठी माणसं मोठ्या यंत्रांनी काम करतात. नात म्हणाली, "किती इंटरेस्टिंग ना आजी?" मी म्हटलं, "राजूर घाटाखाली भांडी घासायच्या जागेवर ऐकलंय मी हे."

सोमवारी मी नवा रिपोर्ट लिहिला. पहिल्या परीक्षेत गढूळ, दुसऱ्या परीक्षेत स्वच्छ, घासलेट नाही, गोडेतेल नाही, तेल शुद्ध, मोतिया व सोफिया एकत्र, हलकी प्रत. टिपकागदावर थेंब टाकून ठेवला होता, तोही जोडला. गोडेतेल असतं तर कागदावर तेलकट डाग कायम राहतो. माझा कागद कोरा होता. वर स्वच्छ लिहिलं: 'आधीचा रिपोर्ट माझ्या चुकीने गेला.' फॉर्मवर चौकट नव्हती म्हणून पट्टीनं तिसरी आखली.

दातार साहेबांनी वाचलं. मग बाजूला ठेवलं.

"मी सही करणार नाही."

मी दुसरा कागद पुढं केला. माझा राजीनामा. तीन ओळींचा. पहिल्या ओळीत नोकरी सोडते हे. पुढच्या दोन ओळींत का सोडते ते. खाली प्रत कुणाकुणाला पाठवणार त्यांची यादी.

साहेबांनी ती यादी दोनदा वाचली. चष्मा उतरवला, पुसला. मग आवाज एकदम गोड.

"हे बघा, मिस इंगळे. तुमच्या भावना मला कळतात. आपण मध्यम मार्ग काढू. इथं फक्त एक शब्द घाला. 'बहुधा घासलेट नसावे.' मी आत्ता सही करतो."

देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकी चिडले नव्हते. आणि आयुष्यात एखादं वाक्य इतकं तयार होऊन जिभेवर आलं नव्हतं.

"सर, 'बहुधा' हा शब्द रिपोर्टात नसतो. घासलेट आहे किंवा नाही."

दारातला शिपाई खोकला. साहेबांनी सही केली. माझ्या कागदावर तीन ठिकाणी शाई सांडली, पण केली. मी राजीनामा घडी घालून परत घेतला.

आता तुम्हाला वाटेल, झालं गोड. गोड काही झालं नाही. रिपोर्ट मलकापूरहून बुलढाण्याला गेला, तिथून रेंज ऑफिसात, तिथं कुणी रजेवर होतं, मग परत कुणाची तरी सही. भेसळीचा रिपोर्ट चार दिवसांत पोचला होता. चूक कबूल केल्याचा पोचायला तीन आठवडे लागले. आरोपाच्या कागदाला लागत नाही तेवढा वेळ कबुलीच्या कागदाला का लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

सील निघालं तेव्हा वरचा मोतिया वाळून खडखडीत झाला होता. हिरवी राहिली होती ती फक्त नाल्याकडची सोफिया, ओलीत असल्यामुळं. ज्या गवतानं सगळा घोळ केला तेच तेवढं उरलं. चाचांनी तेच गाळलं. सॅम्पल घेऊन आले तेव्हा मी उठून उभी राहिले, बूच काढलं आणि हुंगलं. त्यांच्यादेखत, भर ऑफिसात, दोनदा.

"सोफिया," मी म्हटलं.

"हाव," चाचा म्हणाले. मी हलक्या प्रतीचा शिक्का मारला.

त्या दिवसापासून माझ्या रजिस्टरमध्ये मी पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखायला लागले. सगळ्यात पहिला. वर लिहायचं, 'वास'. पुढं तीस वर्षं, ज्या ज्या ऑफिसात बदली झाली तिथं, माझ्या रजिस्टरात तो रकाना राहिला. वरच्या साहेबांनी विचारलं की सांगायचे, ही जुनी खोड आहे. ट्यूब खरं सांगते, पण जेवढं विचारलं तेवढंच. आणि पान उलटायला हात लागतो, तो ट्यूबला नसतो. माझ्या धंद्यानं मला शिकवलं ते इतकंच.

दुसऱ्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला अमीनाबी स्वतः सॅम्पल घेऊन आली. चाचांचे गुडघे धरले होते. बाटली पहिल्या प्रतीची होती, मोतिया, गुलाबाच्या पाण्यासारखी. मी शिक्का मारला. मग मोठ्या तोंडानं, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून विचारलं, "आता सगळं ठीक ना चाची? तो रिपोर्ट तर पुसला गेला."

तिनं शिक्क्याचा कागद पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली:

"पोरी, तुनं आपली चूक लिवून देल्ली, ते मी साऱ्याइले सांगतो. तसं कोनी करत नाही. पन पह्यले यापारी आमच्या दारात येऊन डबा उचलत आन् चालले जात. आता एकेक जन बूच काढते आन् हुंगते, मंगच उचलते. तवा तू एकडाव हुंगलं असतं ना, तं आज ह्या लोकाइले हुंगा लागलं नसतं."